सुंठ : वेदनाशामक उपयोग

आल्याचे पक्व मूलक्षोड (जमिनीत आडवे वाढणारे मांसल खोड) वाळवून तयार केलेल्या मसाल्याच्या पदार्थास सुंठ म्हणतात (सं. शुंठी, नागर, महौषध, विश्वभेषज, हिं. सोंठ; गु. सूंठ, त. सुक्कु, मल. चुक्कु). आले ही झिंजिबरेसी कुलातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव झिंजिबर ऑफिसिनेल असे आहे. हळद, वेलदोडा व कुलिंजन या वनस्पती याच कुलातील होत. अपचन, खोकला, पडसे इ. विकारांवरील घरगुती औषध म्हणून सुंठ महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण त्याचीच साक्ष देते. वेदना कमी करणारे द्रव्य म्हणून तिचा उपयोगही तितकाच जुना आहे. स्वयंपाकघरातील ज्या थोड्या मसाल्यांच्या वेदनाशामक गुणाची आधुनिक पद्धतीने परीक्षा झाली आहे त्यांत सुंठीचा समावेश होतो व या परीक्षेचा एक महत्त्वाचा भाग पुण्याच्या पुढाकाराने पार पडला आहे. तीतून निघणारा निष्कर्ष मर्यादित परंतु उपयुक्त आहे : काही प्रकारच्या वेदनांत सुंठीचा माफक उपयोग होतो, सांधेदुखीत तो सावकाश दिसतो आणि ती निसर्गजन्य आहे एवढ्यावरून तिला निर्धोक मानता येत नाही.

निर्मिती : सुंठीसाठी लावणीनंतर सु. आठ ते नऊ महिन्यांनी, पाने पिवळी पडून वाळू लागल्यावर आले काढतात. कोवळ्या आल्यात पाणी अधिक व दळ कमी असल्याने त्याची सुंठ सुरकुतलेली व हलकी होते. काढलेले गड्डे स्वच्छ धुऊन काही तास पाण्यात भिजवितात व बांबूच्या धारदार कामटीने त्यांची साल खरवडतात. बाष्पनशील (उडून जाणाऱ्या) तेलाच्या कोशिका सालीलगतच असतात. साल खोलवर काढल्यास हे तेल वाया जाते. सोललेले आले सु. आठवडाभर उन्हात वाळवितात. ताज्या आल्यात सु. ८० टक्के पाणी असते, ते वाळल्यावर सु. १० टक्क्यांवर येते. त्यामुळे पाच किलोग्रॅम ताज्या आल्यापासून सामान्यतः एक किलोग्रॅमच्या आसपास सुंठ मिळते. पांढरेपणा यावा व कीड लागू नये म्हणून काही ठिकाणी ती चुन्याच्या निवळीत बुडवून पुन्हा वाळवितात. केरळमधील कोची व कोझिकोडे (कालिकत) येथील सुंठ व्यापारात विशेष प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात सातारा व छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे आल्याच्या लागवडीत अग्रेसर असून माहीम हा येथील एक जुना प्रकार आहे. तथापि येथील पीक मुख्यतः ताजे आले म्हणूनच विकले जाते. चांगली सुंठ वजनाला जड, मोडल्यावर आतून पिवळसर करडी व तीव्र वासाची असते. वजनाला हलकी, वास गेलेली किंवा कीड लागून भोके पडलेली सुंठ औषधासाठी निरुपयोगी समजतात.

आयुर्वेदातील स्थान : आयुर्वेदात सुंठ ही चवीने कटू (तिखट), वीर्याने उष्ण व विपाकाने मधुर मानली आहे. ओले आले व सुंठ यांचे गुण तेथे वेगवेगळे सांगितले आहेत. सुंठ, मिरे व पिंपळी यांच्या समभाग मिश्रणास ‘त्रिकटु’ म्हणतात. चरकसंहितेत कार्यानुसार औषधांचे दहा-दहांचे जे गण दिले आहेत, त्यांपैकी ‘शूलप्रशमन’ या गणात पिंपळी, चित्रक, मिरे, अजमोदा इत्यादींबरोबर आल्याचा ‘शृंगवेर’ या नावाने निर्देश आहे. येथे शूल या शब्दाचा रोख प्रामुख्याने पोटात कळ येऊन होणाऱ्या वेदनेकडे आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. सांध्यांची सूज व वेदना हे लक्षण असलेल्या आमवातात सुंठीला विशेष स्थान मिळाले. अन्नाच्या अपुऱ्या पचनातून ‘आम’ निर्माण होतो व तो सांध्यांत साठून वेदना उत्पन्न करतो, अशी त्यामागील उपपत्ती आहे. म्हणून पचन सुधारणारी सुंठ सांधेदुखीवरही योग्य ठरते. सुंठीच्या काढ्यात एरंडेल घालून देणे व सुंठ आणि गोखरू यांचा काढा देणे हे आमवात व कंबरदुखी यांवरील परिचित उपचार होत. बाळंतिणीस देण्यात येणाऱ्या ‘सौभाग्यशुंठी’ या पाकातही सुंठ हेच प्रमुख द्रव्य आहे.

लोकोपचार : महाराष्ट्रातील घराघरांत सुंठीचा वेदनेवरील उपयोग दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार लेपाचा. सहाणेवर थोड्या पाण्यात सुंठ उगाळून ते गंध किंचित कोमट करतात व डोकेदुखीत कपाळावर, तर सांधेदुखीत गुडघ्यावर किंवा घोट्यावर लावतात. काही वेळाने त्या जागी ऊब व चुणचुण जाणवते व मूळ ठणका कमी झाल्यासारखा वाटतो. दुसरा प्रकार पोटात घेण्याचा. सुंठ, गूळ व तूप यांची गोळी सकाळी घेणे, जेवणात सुंठ घातलेले ताक किंवा कढी घेणे, पोटदुखीत सुंठीचा काढा घेणे, हे त्याचे नेहमीचे मार्ग होत. बाळंतपणानंतर कंबर भरून यावी म्हणून दिल्या जाणाऱ्या डिंकाच्या लाडवांतही सुंठ घालतात. लहान मुलाच्या बाळगुटीत सुंठीचे मोजके वेढे असतात. रामनवमी व गोकुळाष्टमी या दिवशी जन्मोत्सवानंतर प्रसाद म्हणून वाटला जाणारा सुंठवडा हे या बाळंतिणीच्या औषधाचेच उत्सवी रूप मानले जाते.

रासायनिक घटक व क्रिया : आल्याचा वास झिंजिबरीन व इतर घटक असलेल्या बाष्पनशील तेलामुळे, तर तिखटपणा जिंजेरॉल या गटातील संयुगांमुळे येतो. आले वाळताना जिंजेरॉलाच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो व शोगाओल हे संयुग तयार होते. आल्याच्या ‘शोगा’ या जपानी नावावरून त्यास हे नाव मिळाले आहे. शोगाओल हे जिंजेरॉलाहून अधिक तिखट असून ताज्या आल्यात ते अत्यल्प असते. सुंठ आल्यापेक्षा अधिक तीक्ष्ण का लागते याचा उलगडा यावरून होतो. आले व सुंठ ही भिन्न गुणांची द्रव्ये मानण्याच्या जुन्या परंपरेसही त्यामुळे काही रासायनिक आधार मिळतो.

या संयुगांची वेदनाशामक क्रिया मुख्यतः दोन मार्गांनी होत असावी. इजा झालेल्या वा सुजलेल्या ऊतकात (पेशीसमूहात) प्रोस्टाग्लँडिने ही द्रव्ये तयार होतात व त्यांच्यामुळे तंत्रिकांची (मज्जातंतूंची) वेदनेविषयीची संवेदनक्षमता वाढते. ॲस्पिरीन हे औषध प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले व त्या संशोधनाबद्दल १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा एक वाटा मिळाला. ज्या एंझाइमाला ॲस्पिरीन निष्प्रभ करते त्याच सायक्लो-ऑक्सिजनेज एंझाइमाला जिंजेरॉल व शोगाओल ही संयुगे प्रयोगशाळेत काही प्रमाणात रोखतात, असे आढळले आहे. दुसरा मार्ग तंत्रिकांच्या टोकांशी असलेल्या उष्णता-संवेदी ग्राहींचा होय. मिरचीतील कॅप्सायसीन व तीव्र उष्णता या दोहोंना प्रतिसाद देणारा ग्राही डेव्हिड ज्यूलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शोधून काढला. ज्यूलियस हे २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. जिंजेरॉल व शोगाओल यांची रचना कॅप्सायसिनाशी मिळतीजुळती असल्याने तीही याच ग्राहीला चेतवितात. प्रथम ऊब व चुणचुण जाणवते आणि ग्राही वारंवार चेतविला गेल्यास त्याची संवेदनक्षमता मंदावते. सहाणेवरच्या लेपाने येणाऱ्या आरामाचे स्पष्टीकरण बहुधा असेच असावे. तथापि प्रयोगशाळेत वापरलेली संयुगांची तीव्रता आहारातील सुंठीने रक्तात क्वचितच गाठली जाते. म्हणून खरा निर्णय रुग्णांवरील चाचण्यांनीच होऊ शकतो.

रुग्णांवरील चाचण्या : वेदना ही रुग्णाने सांगितल्यावरच कळते व औषध मिळाल्याच्या विश्वासानेही ती कमी होते. हा परिणाम वेगळा काढण्यासाठी काही रुग्णांना औषध व काहींना दिसायला तशीच, पण औषधी द्रव्य नसलेली गोळी (छद्मौषध) देतात आणि कोणाला काय दिले आहे हे रुग्णास व तपासणाऱ्या वैद्यास चाचणी संपेपर्यंत कळू देत नाहीत. अमेरिकेत गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथाच्या (झिजेच्या संधिवाताच्या) २६१ रुग्णांवर आले व कुलिंजन वंशातील एक वनस्पती यांच्या संयुक्त अर्काची अशी सहा आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. उभे राहताना होणारी वेदना अर्क घेणाऱ्यांपैकी ६३ टक्के, तर छद्मौषध घेणाऱ्यांपैकी ५० टक्के रुग्णांत कमी झाली. अर्काचा फायदा या दोन आकड्यांमधील अंतराएवढाच होय. अर्क घेणाऱ्यांत पोटात जळजळ, ढेकर इ. तक्रारीही अधिक आढळल्या. अशा पाच चाचण्यांतील ५९३ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आल्याने वेदना माफक प्रमाणात कमी होते असे दिसले. मात्र उपचार मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण आले घेणाऱ्यांत छद्मौषध घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते.

मासिक पाळीतील वेदनांसंबंधी इराणमध्ये १५० विद्यार्थिनींवर झालेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत २५० मिग्रॅ. सुंठीचे चूर्ण दिवसातून चार वेळा दिल्यास मेफेनॅमिक अम्ल व आयबुप्रोफेन या प्रचलित औषधांइतकाच आराम पडतो, असे तीत आढळले. अर्धशिशीचा झटका आल्यावर सुंठीचे चूर्ण घेतल्यास सुमाट्रिप्टान या औषधाइतकाच उतार पडतो, असे इराणमधीलच १०० रुग्णांच्या एका चाचणीत (२०१४) दिसले. परंतु झटके येऊच नयेत म्हणून आल्याचा अर्क रोज दिल्यास छद्मौषधापेक्षा अधिक लाभ होत नाही, असे पुढे ब्राझीलमधील चाचणीत आढळून आले.

पुण्यातील संशोधन : पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका पाहणीत सु. ४,००० प्रौढांपैकी सु. १८ टक्के लोकांना स्नायू, हाडे किंवा सांधे यांच्या वेदनेचा विकार असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटना व संधिवाततज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या कार्यक्रमाचा भाग असलेली ही पाहणी पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेतील संधिवाततज्ञ अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली झाली. सांधेदुखी हा केवळ शहरी वा वार्धक्याचा विकार आहे, हा समज तीमुळे मागे पडला.

याच संस्थेच्या पुढाकाराने पुढे आयुर्वेदीय औषधांच्या चाचण्या करण्यात आल्या. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००० च्या सुमारास सुरू केलेल्या एका राष्ट्रीय योजनेतून त्यांना साहाय्य मिळाले. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व अन्य संशोधक तीत सहभागी होते. प्रथम सुंठ व गुळवेल यांचा पाया असलेली काही मिश्रणे पारखण्यात आली. त्यांतून निवडलेली, सुंठ, गुळवेल, आवळा व सालई यांच्या प्रमाणित अर्कांवर आधारलेली दोन मिश्रणे ग्लुकोसामीन (रोज २ ग्रॅ.) व सेलेकॉक्सिब (रोज २०० मिग्रॅ.) या प्रचलित औषधांशी ताडून पाहण्यात आली. गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथाच्या ४४० रुग्णांवर अनेक केंद्रांत २४ आठवडे चाललेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराचा भार गुडघ्यावर पडताना होणारी वेदना व हालचालींतील अडचण या दोन्ही बाबतींत चारही गटांमधील फरक आधी ठरविलेल्या समतुल्यतेच्या मर्यादेत राहिला; म्हणजे आयुर्वेदीय मिश्रणे सेलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली.

या चाचणीतील दुसरी नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. एकूण २६ रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी या यकृतातील एंझाइमाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांना कोणताही त्रास जाणवत नव्हता. रक्ततपासणी नसती, तर ही वाढ लक्षातही आली नसती. त्यांपैकी आयुर्वेदीय मिश्रण घेणाऱ्या सात रुग्णांचे औषध थांबविण्यात आले व त्यानंतर त्यांच्यातील हे प्रमाण पूर्ववत झाले. तसेच या चाचणीत छद्मौषधाचा गट नव्हता आणि सुंठ हे अनेक घटकांपैकी एक होते. त्यामुळे मिश्रणाचे सर्व श्रेय किंवा सर्व दोष एकट्या सुंठीकडे देता येत नाही. स्वयंपाकातील चिमूटभर सुंठीस या चाचणीचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करणेही योग्य ठरणार नाही.

श्रमिकांच्या वेदना : पुणे शहराच्या वायव्येस पवना नदीकाठी असलेले थेरगाव, त्यालगतचे चिंचवड, पिंपरी व भोसरी आणि उत्तरेकडील चाकण या भागात गेल्या काही दशकांत शेतीची जागा कारखान्यांनी व कामगार वस्त्यांनी घेतली. यंत्रापुढे पाळीभर उभे राहणे, वजन उचलणे, एकच हालचाल हजारो वेळा करणे यांमुळे कंबर, मान, खांदा व गुडघा यांची दुखणी अशा कामात साहजिकच उद्भवतात. रजा घेतल्यास मजुरी बुडत असल्याने औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊन कामावर जाण्याकडे कल असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक इ. गोळ्या त्वरित गुण देतात. परंतु प्रोस्टाग्लँडिने जठराच्या अस्तराचे रक्षण व मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याचे नियमनही करीत असल्याने या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण, रक्तस्राव व मूत्रपिंडाची हानी होऊ शकते. सुंठीविषयीच्या संशोधनाचे व्यावहारिक महत्त्व येथे आहे. रोजच्या गोळ्यांची गरज थोडी जरी कमी करता आली, तरी तो लाभ मोठा ठरतो. मात्र सांधेदुखीत सुंठीचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. आज कामावर उभे राहता यावे यासाठी तिचा उपयोग होत नाही. कामाच्या पद्धतीमुळे होणारी इजा तशीच चालू राहिल्यास गोळी किंवा सुंठ यांपैकी कशानेही ती थांबत नाही. कामाच्या जागेची उंची, विश्रांतीच्या वेळा व वजन उचलण्याची साधने यांत सुधारणा करणे हाच तेथील मूळ उपाय होय.

मात्रा व दक्षता : भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात सुंठ चूर्णाची मात्रा १ ते २ ग्रॅ. अशी दिली आहे. ते कोमट पाण्याबरोबर किंवा गूळ व तूप यांबरोबर जेवणानंतर घेतल्यास जळजळ कमी होते. आम्लपित्त, जठरव्रण किंवा पित्ताशयातील खडे असलेल्यांनी, तसेच रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिनासारखी औषधे घेणाऱ्यांनी व शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी औषधी मात्रेत सुंठ घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गर्भवतींनीही आहारातील प्रमाणापेक्षा अधिक सुंठ सल्ल्याशिवाय घेऊ नये. यकृताचा विकार असलेल्यांनी सुंठ असलेली मिश्र औषधे दीर्घकाळ घ्यावयाची झाल्यास रक्ततपासणी करून घेणे हितावह ठरते. लेप नाजूक त्वचेवर, जखमेवर किंवा डोळ्यांजवळ लावू नये. आग होऊ लागताच तो धुऊन टाकावा.

सांधेदुखीवरील ‘जडीबुटीची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बेनामी भुकट्यांत स्टेरॉइडे किंवा तीव्र वेदनाशामके गुप्तपणे मिसळलेली असल्याचे तपासणीत वेळोवेळी उघड झाले आहे. एखाद्या भुकटीने जुनी सांधेदुखी एक-दोन दिवसांतच नाहीशी झाली, तर अशा भेसळीचा संशय घेणे शहाणपणाचे ठरते. कारण सुंठीचा गुण इतक्या वेगाने येत नाही. अखंड सुंठ विकत घेऊन घरी कुटल्यास हा धोका टळतो.

काही वेदना रोगाची सूचना देणाऱ्या असतात व त्या शमविण्यात वेळ दवडणे घातक ठरते. छातीतील दाब देणारी वेदना, पोटात उजव्या बाजूस खाली वाढत जाणारी कळ, तापासह एखादा सांधा अकस्मात सुजून लाल होणे, कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, अचानक उद्भवलेली अतितीव्र डोकेदुखी, ही अशा वेदनांची उदाहरणे होत. त्यांत कोणताही घरगुती उपाय न करता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. निदान झालेली जुनी सांधेदुखी, पाळीतील नेहमीची वेदना, बदललेल्या अन्नाने होणारी साधी पोटदुखी व परिचित स्वरूपाची डोकेदुखी यांपुरता सुंठीचा उपयोग मर्यादित ठेवणे इष्ट होय.